पहारेकऱ्याची किंमत : पी-५३ जनुक, कर्करोग आणि वार्धक्य

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडून दरवर्षी लसीकरण, ताप किंवा पूरक आहार यांवर लेख मागविला जातो, आणि मीही तो इमानेइतबारे देत आलो आहे. यंदा संपादकांची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. कर्करोग आणि वार्धक्य हे दोन्ही विषय बालरोगतज्ज्ञाच्या अंगणाबाहेरचे, असे कोणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. ते तसे नाही, हे मला एका जुन्या केसपेपरने शिकविले. त्या केसपेपरपासूनच आरंभ करतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि जिच्याविषयी लिहीत आहे तिची संमती घेतलेली आहे.

२००६ साली लिंबायतमधील एक कुटुंब अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. वडील लूमवर कामाला, मूळ गाव नंदुरबारकडचे. सुरतेतील आपल्या बहुतेक खानदेशी कुटुंबांसारखेच तापी लाइनच्या गाडीने आलेले आणि इथलेच झालेले. मुलीचा चेहरा गोल, लालसर. गालांवर मुरुमे, आवाज जाडा, आणि ज्या वयात नसावी अशी लव. आई संकोचाने सांगत होती; बोलत होती ती मुलीची आजी, म्हणजे आईची आई. पोट तपासले तेव्हा डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागले. सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या डोक्यावरील ॲड्रिनल ग्रंथीची गाठ निघाली. मुंबईला पाठविले, शस्त्रक्रिया झाली, गाठ कर्करोगाची ठरली. परंतु वेळेत आणि अखंड निघाली होती. मुलगी बरी झाली. वडिलांनी पेढे आणले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्या केसपेपरवर माझ्या अक्षरात एक ओळ आहे : ‘फॅमिली हिस्टरी – नथिंग सिग्निफिकंट.’ ती ओळ मी काही विचारून लिहिलेली नव्हती. ओपीडीत बाहेर चाळीस मुले बसलेली असताना आपण सारेच ज्या सवयीने लिहितो त्या सवयीने लिहिली होती. या ओळीकडे पुढे पुन्हा यायचे आहे. तत्पूर्वी एका जनुकाची ओळख करून घ्यावी लागेल. डॉक्टर मित्रांना यातील काही भाग पाठ असेल. इतर वाचकांसाठी तो सोपा करून सांगतो.

दहा वर्षे चोर समजलेला पहारेकरी

१९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये अर्नोल्ड लेव्हिन, न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड, अशा निरनिराळ्या गटांना जवळजवळ एकाच वेळी एक नवे प्रथिन आढळले. माकडांच्या एसव्ही-४० या विषाणूमुळे कर्करोगग्रस्त झालेल्या पेशींत ते विषाणूच्या प्रथिनाला बिलगलेले सापडे. त्याचे वजन सुमारे ५३ किलोडाल्टन भासले म्हणून नाव पडले पी-५३. प्रत्यक्षात ते त्याहून हलके, सुमारे ४४ किलोडाल्टनचे आहे. पण नाव एकदा पडले की पडते. कर्करोगाच्या पेशींत ते मुबलक दिसत असल्याने ते कर्करोग घडविणारे प्रथिन होय, असाच समज झाला. पुढे दहा वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा हा ‘गुन्हेगार’ तपासत राहिल्या.

१९८९ मध्ये हा समज साफ उलटला. बर्ट व्होगेलस्टीन यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगात दाखविले, की १७व्या गुणसूत्रावरील या जनुकाची एक प्रत नाहीशी झालेली असते आणि दुसरी बिघडलेली असते. पूर्वीच्या प्रयोगांत वापरलेल्या प्रतीच मुळात बिघडलेल्या होत्या, हेही लेव्हिन आदींच्या कामातून उघड झाले. म्हणजे चोर म्हणून दहा वर्षे ज्याला पकडून ठेवले होते तो जखमी पहारेकरी होता. १९९२ साली लेन यांनी त्याला जनुकसंचाचा रक्षक म्हटले आणि १९९३ साली ‘सायन्स’ नियतकालिकाने त्याला वर्षाचा रेणू ठरविले. आज आपण जाणतो, की माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते. अशा जनुकांना अर्बुद-दमनकारी जनुके म्हणतात. अर्बुद म्हणजे गाठ, तिला दाबून धरणारी ती.

हा पहारा चालतो कसा? निरोगी पेशीत पी-५३ फारसे शिल्लक राहू दिले जात नाही. एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन ते तयार होताच मोडीत काढीत असते. किरणोत्सर्गाने, तंबाखूच्या धुराने किंवा नुसत्या प्रतिलेखनातील चुकीने डीएनएला इजा झाली की धोक्याची वर्दी जाते, मोडीत काढणे थांबते आणि पी-५३ साचू लागते. मग ते इतर जनुकांना आज्ञा देते. पहिली आज्ञा : विभाजन थांबवा, दुरुस्ती करा. दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर दुसरी : पेशीने स्वतःचा अंत करून घ्यावा. या दोहोंच्या मधला एक तिसरा मार्गही आहे. पेशी मरत नाही, परंतु पुन्हा कधीही विभागत नाही. कायमची निवृत्त होते. ही तिसरी आज्ञा लक्षात ठेवावी. वार्धक्याची गोष्ट तिथून सुरू होते.

पी-५३ चे रेणू एकेकटे काम करीत नाहीत, चौघे मिळून करतात. पालखीच्या चार भोयांपैकी एक लंगडा असला तर उरलेल्या तिघांचीही चाल बिघडते, तसेच येथे होते. एक प्रत बिघडली तर निम्मे काम तरी शिल्लक राहावे, हा हिशेब म्हणूनच पुष्कळदा चुकतो.

मुलांच्या रोगातून उलगडलेले रहस्य

अर्बुद-दमनकारी जनुकांची कल्पना मुळात मुलांच्या रोगातून आली, याचा मला बालरोगतज्ज्ञ म्हणून किंचित अभिमान आहे. आल्फ्रेड नुडसन हे बालरोगाचे शिक्षण घेतलेले आनुवंशिकीतज्ज्ञ. त्यांनी १९७१ साली रेटिनोब्लास्टोमा या दृष्टिपटलाच्या कर्करोगाच्या केवळ ४८ रुग्णांचा अभ्यास केला. ज्या मुलांच्या घराण्यात हा रोग आहे त्यांना तो लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. इतरांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. यावरून त्यांनी अनुमान काढले, की रोग होण्यास दोन आघात लागतात. घराण्याचा वारसा असलेले मूल पहिला आघात घेऊनच जन्मते. जनुक हाती नव्हते, यंत्रे नव्हती. वय मोजून आणि डोळे मोजून काढलेला हा निष्कर्ष १९८६ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडल्यावर खरा ठरला.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९६९ मध्ये, फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी स्नायूंच्या कर्करोगाने ग्रासलेल्या ६४८ मुलांची कागदपत्रे चाळली होती. त्यांत त्यांना काही मोजकी कुटुंबे अशी आढळली, की मुलाला सार्कोमा, तरुण आईला स्तनाचा कर्करोग, मामा-काकांना आणखी कसले. योगायोग म्हणून सोडून देता आले असते. त्यांनी सोडले नाही. १९९० साली अशा घराण्यांत पी-५३ ची बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या उतरते हे सिद्ध झाले आणि ली-फ्रॉमेनी हे नाव पाठ्यपुस्तकांत कायम झाले. हाडांचा व स्नायूंचा सार्कोमा, तरुणपणीचा स्तनाचा कर्करोग, मेंदूतील गाठी, रक्ताचा कर्करोग आणि लहान मुलांतील ॲड्रिनल ग्रंथीचा कर्करोग ही त्याची ठळक रूपे. यांतील शेवटचे रूप एवढे बोलके आहे, की ॲड्रिनलच्या बाह्य भागाचा कर्करोग एखाद्या मुलात आढळला तर घराण्यात काही असो वा नसो, पी-५३ ची तपासणी करावी असा आज नियमच आहे.

दक्षिण ब्राझीलमध्ये तर एका जुन्या पूर्वजाकडून आलेला पी-५३ मधील एक विशिष्ट बिघाड दर सुमारे ३०० नवजातांमागे एकात आढळतो, आणि तिथे मुलांमधील ॲड्रिनलच्या गाठी जगात इतरत्र दिसत नाहीत एवढ्या दिसतात. एमडीच्या परीक्षेसाठी मी ली-फ्रॉमेनी पाठ केले होते. परीक्षेत ते आले नाही. आले ते २००६ साली, लिंबायतहून, आणि मी ते ओळखले नाही.

पुण्याच्या कमलताई आणि हेलाच्या पेशी

कर्करोग आणि घराणे यांचा संबंध शोधण्यात आपल्या माणसांचा वाटा आहे, हे नव्या पिढीतील डॉक्टरांना फारसे ठाऊक नसते. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. त्या डॉक्टर झाल्या नाहीत. १९४९ साली मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली. पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र शिकण्यासाठी त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी-संवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. त्या काळात पी-५३ चे नावही कोणी ऐकलेले नव्हते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

बाल्टिमोरच्या त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी वाढविल्या गेल्या. त्या हेला पेशी आजही जगभर वाढत आहेत. त्या मरत का नाहीत, याचे एक उत्तर पुढे मिळाले : त्यांच्यात एचपीव्ही-१८ हा विषाणू आहे, आणि त्याचे ई-६ नावाचे प्रथिन पी-५३ ला पकडून मोडीत काढते. पहारेकऱ्याला लाच नाही, मारहाण नाही; त्याला कामावर रुजूच होऊ द्यायचे नाही! आपण बालरोगतज्ज्ञ नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस टोचतो तेव्हा प्रत्यक्षात या पहारेकऱ्याचेच रक्षण करीत असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही देशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. तरीही ‘एवढ्या लहान मुलीला कशाला?’ हा प्रश्न मला दर आठवड्यास ऐकावा लागतो, आणि तो विचारणाऱ्यांत डॉक्टरांच्या सौभाग्यवतीही असतात.

तंबाखूविषयी थोडक्यातच लिहितो, कारण आपल्या दंतवैद्य मित्रांचा तो विषय आहे. भारतीय संशोधकांनी हिरड्या आणि गालांच्या आतील बाजूच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा २०१३ साली प्रसिद्ध केला. पश्चिम बंगालमधील कल्याणी आणि नवी मुंबईतील खारघरचे ॲक्ट्रेक येथील संस्थांचे ते काम. त्यात वारंवार बिघडलेल्या जनुकांमध्ये पी-५३ चे स्थान अग्रभागी होते. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. मावा चोळणारे हात मात्र उधना-पांडेसरातील कुठल्याही चहाच्या टपरीवर मोजता येतील.

म्हातारपण : बक्षीस की दंड?

आता तिसरी आज्ञा. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखविले, की माणसाच्या पेशी काचपात्रात सुमारे ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनागणिक झिजतात. फार झिजली की पेशी ती इजाच समजते आणि पी-५३ जागे होते. पेशी निवृत्त होते. कर्करोगाच्या दृष्टीने हे उत्तमच, कारण जी पेशी विभागतच नाही तिची गाठ होणार कशी? परंतु अशा निवृत्त पेशी गप्प बसत नाहीत. त्या दाह वाढविणारी द्रव्ये स्रवतात, आणि वय वाढेल तशा ऊतींत साचत जातात. सांधे, रक्तवाहिन्या, त्वचा, सगळीकडे त्यांची कुरकुर चालू असते. (सेवानिवृत्त ज्येष्ठ सभासदांनी हे व्यक्तिशः घेऊ नये.)

मग पहारा आणखी कडक केला तर? २००२ साली अमेरिकेतील लॅरी डोनहॉवर यांच्या गटाने असे उंदीर वर्णिले, की ज्यांचे पी-५३ गरजेपेक्षा जास्त सक्रिय होते. साध्या उंदरांपैकी ४५ टक्क्यांहून अधिकांना प्राणघातक गाठी झाल्या. या उंदरांत हे प्रमाण अवघे ६ टक्के. कर्करोगावर विजय म्हणावा, तर ते लवकर म्हातारे झाले. पाठीला बाक, ठिसूळ हाडे, सुकलेले अवयव, न भरणाऱ्या जखमा. साध्या उंदरांचे मध्यम आयुष्य ११८ आठवडे, यांचे ९६. कर्करोग टळला आणि आयुष्यही घटले. या शोधनिबंधाने तेव्हा मोठी खळबळ उडविली होती, आणि कर्करोग व वार्धक्य ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत असे त्यानंतर सर्रास लिहिले गेले.

माझ्या मते ते घाईचे होते. २००७ मध्ये स्पेनमधील मॅन्युएल सेरानो यांच्या गटाने पी-५३ आणि त्याला जागे करणाऱ्या एआरएफ या जनुकाची एकेक ज्यादा प्रत उंदरांना दिली, पण नेहमीच्या नियंत्रणासह. म्हणजे पहारेकरी वाढविले, मात्र त्यांना रात्रंदिवस शिट्ट्या फुंकावयास लावले नाही. या उंदरांत कर्करोग कमी झाला आणि त्यांचे मध्यम आयुष्यही सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. निसर्गानेही हा प्रयोग फार पूर्वीच करून ठेवला आहे. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पेशी, आयुष्यही दीर्घ. त्या हिशेबाने त्याला कर्करोग सतत व्हावयास हवा. तो क्वचितच होतो. २०१५ साली आढळले, की हत्तीच्या जनुकसंचात पी-५३ च्या एकूण २० प्रती आहेत. आपल्यात एक, आई-वडिलांकडून मिळून तिची एक जोडी. हा शोध लावणाऱ्यांत जोशुआ शिफमन हे मुलांचे कर्करोगतज्ज्ञ होते, ज्यांच्या दवाखान्यात ली-फ्रॉमेनीची मुले येत. एका प्रतीची कमतरता असलेल्या मुलांसमोर बसून त्यांनी वीस प्रती असलेल्या प्राण्याचा विचार केला.

तेव्हा म्हातारपण हा पी-५३ चा दंड आहे असे न म्हणता, त्याच्या दीर्घ सेवेची पावती म्हणावी असे मला वाटते. ज्या घरात हा पहारेकरी नसतो त्या घरात म्हातारे होण्याची संधीच कमी लोकांना मिळते.

पुन्हा तो केसपेपर

२०१३ साली त्या मुलीच्या आईला स्तनात गाठ झाली. वय ३१. गाठ तेवढी काढून किरणोपचार देण्यात आले, जे त्या परिस्थितीत रीतीला धरूनच होते. २०१९ मध्ये किरण दिलेल्या जागीच छातीच्या भिंतीत दुसरी गाठ उद्भवली. ती सार्कोमा होती. तेव्हा एका तरुण कर्करोगतज्ज्ञ बाईंनी कागद घेऊन आजींना समोर बसविले आणि घराण्याचा वृक्ष काढावयास घेतला. आजोबा चाळिशीच्या आत डोक्यातील गाठीने गेलेले. मामा सतराव्या वर्षी मांडीच्या हाडाच्या कर्करोगाने. मग रक्त तपासले गेले. आईत आणि मुलीत, दोघींत पी-५३ चा तोच बिघाड निघाला.

मी आजींना विचारले, ‘‘आजी, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलेत?’’

त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, तुम्ही पोरीचं विचारलं, मी पोरीचं सांगितलं.’’

आई २०२० साली गेली. मी तेव्हाच विचारले असते तर ती वाचली असती असा दावा मी करीत नाही. २००६ साली जनुक-तपासणी आपल्याकडे सहज मिळत नव्हती. परंतु प्रश्न विचारण्यास तपासणी लागत नाही. उत्तर कळले असते तर तिची स्तनांची तपासणी विशीपासून दरवर्षी एमआरआयने झाली असती, गाठ लहान असताना सापडली असती, आणि पूर्ण स्तन काढून किरणोपचार टाळण्याचा विचार तरी झाला असता. अशा रुग्णांत किरणोत्सर्ग शक्य तेवढा टाळावा लागतो, सीटी स्कॅनही विचारपूर्वकच. कारण इजा झाली तर दुरुस्तीची आज्ञा देणारा पुरता शाबूत नसतो.

नियमित देखरेखीचा उपयोग आहे, हे आता आकड्यांनी दिसते. टोरांटोच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देखरेखीखालील व्यक्तींचे पाच वर्षांचे जीवितप्रमाण सुमारे ८९ टक्के होते, देखरेख न स्वीकारणाऱ्यांचे सुमारे ६० टक्के. दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, दरवर्षी मेंदूचा आणि संपूर्ण शरीराचा एमआरआय, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कर्करोगासाठी समुपदेशन व तपासणीची सोय आहे, आणि सुरतेहून ती एका रात्रीच्या प्रवासापेक्षाही जवळ आहे. डॉक्टर मित्रांना एवढीच विनंती, की मुलात सार्कोमा, ॲड्रिनलची किंवा मेंदूतील विशिष्ट प्रकारची गाठ आढळली तर तीन पिढ्यांचे विचारावे. आणि केवळ ‘घरात कोणाला कॅन्सर होता का?’ असे न विचारता ‘कोण लहान वयात गेले, आणि कशाने?’ असे विचारावे. आपल्या खेड्यांतून कॅन्सर हा शब्द उच्चारीत नाहीत. गाठ म्हणतात, हाड सडले म्हणतात, बाहेरचे म्हणतात. इतर वाचकांनी आपल्या घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ही माहिती एका वहीत लिहून ठेवावी.

ती मुलगी आता विशीत आहे, बी.कॉम. झाली आहे आणि सहारा दरवाजाजवळ एका कापड मार्केटच्या पेढीत हिशेब पाहते. मध्यंतरी तिने मला विचारले, ‘‘डॉक्टरकाका, स्थळ आले तर हे आधी सांगायचे की नंतर?’’ मी म्हणालो, आधी. आणि सांगावयास मी येईन. तिच्या प्रत्येक अपत्यास हा बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी आहे, आणि गर्भ रुजण्यापूर्वीच तो तपासता येतो, हेही मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. आजतागायत दोन ठिकाणांहून नकार आला आहे, एका ठिकाणी बोलणे चालू आहे.

दर तीन महिन्यांनी ती सोनोग्राफीसाठी येते तेव्हा आजी बरोबर असतात. ऐंशीच्या घरात आहेत. कंबर वाकलेली, हाताची कातडी कागदासारखी, जिना चढताना दोनदा थांबतात. जुन्या केसपेपरला मी आता वंशवृक्षाचे पान जोडले आहे. पुरुषांचे चौकोन, स्त्रियांची वर्तुळे, रोग असलेल्यांची शाईने भरलेली. त्या पानावर आजींचे वर्तुळ तेवढे रिकामे आहे.